ऑनलाइन जुगार: ‘गेलेले भरून काढू’ या वाक्यातून सुटका

पायवाट (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:५०

काल ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने माझ्याकडे हातउसने पैसे मागितले. कारण विचारलं तर म्हणाला, “बँकेत काहीतरी घोळ झालाय, पगार अडकलाय, दोन दिवसांत देतो.” हे वाक्य मी लगेच ओळखलं. जवळजवळ याच शब्दांत मी निदान दहा जणांकडे पैसे मागितले होते. त्याला पैसे दिले नाहीत. बाजूला नेऊन एवढंच विचारलं, “किती गेले?” त्याचे डोळे भरून आले.

रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

मी साडेतीन वर्षं ऑनलाइन जुगार खेळलो. शेवटचा डाव चौदा महिन्यांपूर्वीचा. सुरुवात सामन्यांवरच्या छोट्या पैजांनी झाली आणि शेवट चक्रं फिरवण्याच्या खेळांवर. त्यात विचार करावा लागत नाही, आणि शेवटी शेवटी मला विचार नकोच होता. लोकांना वाटतं जुगारी माणूस हावरट असतो, त्याला बंगला-गाडी हवी असते. पहिले सहा महिने तसं असेलही. पुढची तीन वर्षं मी एकाच गोष्टीसाठी खेळलो: गेलेले भरून काढायचे आणि मग कायमचं थांबायचं.

एक रात्र सांगतो. त्या आठवड्यात मी खरोखर जिंकलो होतो, दीड पगाराएवढी रक्कम. लगेच ‘पैसे काढा’ दाबलं. पडद्यावर आलं, प्रक्रिया सुरू आहे, ४८ तास लागू शकतात. त्याच्याच खाली हिरव्या रंगात ‘विनंती रद्द करा’. भरताना पैसे तीन सेकंदांत जायचे, काढताना दोन दिवस. पहिली रात्र कशीबशी काढली. दुसऱ्या रात्री पावणेतीनला मी न्हाणीघरात होतो. दिवा बंद, फोनचा उजेड अगदी कमी केलेला, आवाज बंद, आणि बाहेर कुणी जागं झालं तर संशय येऊ नये म्हणून बादलीत नळ बारीक सोडलेला. ते हिरवं बटण दाबलं. मनातला हिशोब असा, की एवढ्याचे दुप्पट झाले की सगळी उधारी फिटते. चार वाजून दहा मिनिटांनी खात्यात शून्य होतं. बादली कधीच भरून वाहत होती, माझी पावलं पाण्यात होती, आणि ते मला तोवर जाणवलंही नव्हतं.

त्या रात्री सुटका झाली नाही. त्यानंतरही पाच महिने खेळलो. सुटका सुरू झाली ती बायकोसमोर अकरा महिन्यांची बँक स्टेटमेंट छापून ठेवली त्या दिवशी. तिने दीड तास एकेक ओळ वाचली. मी समोर बसून होतो. तिने पगाराचं खातं आपल्या ताब्यात घेतलं, मी स्वतःला सगळ्या साइट्सवरून बंद करून घेतलं, आणि रात्री अकरा वाजता माझा फोन तिच्याकडे जाऊ लागला. तो आजही जातो.

पण सगळ्यात अवघड काम वेगळंच होतं. समुपदेशकाने पहिल्याच भेटीत विचारलं, “समजा ते पैसे कधीच परत येणार नाहीत, तर उद्या सकाळी उठून काय कराल?” मला राग आला होता. हा माणूस माझी बाजूच समजून घेत नाही असं वाटलं. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सात आठवडे लागले. गेलेले पैसे गेले. हे तीन शब्द मोठ्याने म्हणता येईपर्यंत मी खेळत नसलो तरी सुटलेलो नव्हतो.

कुणी या गर्तेत असेल, कुणाच्या घरात असेल, तर लिहा. नाव सांगायची गरज नाही.

अधूनमधून, सोमवार, रात्री १०:३५

धाडसाने लिहिलंत, मनापासून आभार. एक विचारतो. मी महिन्यातून दोन-तीनदा सामन्यांवर पैज लावतो. रक्कम ठरलेली, वॉलेट वेगळं. उधारी नाही, घरात माहीत आहे. मीही थांबायलाच हवं का? की जबाबदारीने खेळणं असं काही खरंच असतं?

मनमोकळं, सोमवार, रात्री ११:२०

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे.

अधूनमधून, खेळणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही, हे खरं आहे. तुमच्या जागी हा खेळ कायद्याला धरून आहे का, हे आधी बघा. परवाना नसलेल्या ठिकाणी काही बिनसलं तर दाद मागायला कुणीच नसतं. त्यानंतरचा माझा प्रश्न तुम्ही किती लावता हा नाही. हरल्यानंतरचा पुढचा तास तुम्ही काय करता, हा आहे. हरलात, वाईट वाटलं, फोन ठेवून कामाला लागलात, तर ठीक. हरलात आणि पुढच्या सामन्याचं वेळापत्रक उघडलंत, तर तिथे काहीतरी सुरू झालंय.

१९९७ साली अमेरिकेत दोनच प्रश्नांची एक चाचणी तयार झाली. आजही मी पहिल्या भेटीत तीच वापरते. किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलंय का? आणि अधिकाधिक पैसे लावावेत अशी गरज कधी वाटलीय का? यांतल्या एकाचं उत्तर जरी ‘हो’ आलं तरी नीट तपासून घ्यावं.

ज्यांना खेळायचंच आहे त्यांना मी सांगते, मर्यादा डोक्यात ठेवू नका, खात्यातच घालून ठेवा. बहुतेक परवानाधारक साइट्सवर दिवसाची, आठवड्याची, महिन्याची भरणा-मर्यादा ठरवता येते. दुपारी दोन वाजता मर्यादा ठरवणारं तुमचं डोकं आणि रात्री दोन वाजता ती मोडायला निघालेलं डोकं यांत फार फरक असतो. म्हणूनच नियम कडक असलेल्या देशांत मर्यादा कमी केली तर ती लगेच लागू होते, वाढवायची असेल तर निदान एक दिवस थांबावं लागतं. कार्डाचे तपशील साठवून ठेवू नका, दर वेळी हाताने भरा. भांडण झालंय, झोप नाही, दारू घेतलीय, नोकरीचा ताण आहे, अशा दिवशी खातं उघडूच नका. आणि लावलेले पैसे लावतानाच खर्ची टाका. ते परत येतील या हिशेबावर घरातलं कुठलंही देणं ठेवू नका.

गणितमास्तर, मंगळवार, सकाळी ७:१५

पायवाट, तुमचं ‘दुप्पट झाले की सगळं फिटतं’ वाचून पोटात कालवलं. मी वर्गात संभाव्यता शिकवतो. मुलांना जे शिकवतो तेच इथे मांडतो.

रूलेटचं चक्र घ्या, कारण त्यात काही लपलेलं नसतं. फिरत्या चक्रात चेंडू टाकतात, तो कुठल्या कप्प्यात थांबतो त्यावर पैज. युरोपीय चक्रावर ३७ कप्पे असतात: १८ लाल, १८ काळे आणि एक शून्य. लालवर लावलं तर जिंकल्यास दामदुप्पट. पण जिंकायची शक्यता ३७ पैकी १८, म्हणजे निम्म्याहून थोडी कमी. त्या एका शून्यामुळे दर शंभरामागे सरासरी २.७ खेळ चालवणाऱ्याकडे राहतात. अमेरिकन चक्रावर दोन शून्यं असतात, तिथे हाच आकडा ५.२६ होतो. लबाडीची गरजच नाही. चक्र अगदी प्रामाणिक असलं तरी हा आतबट्ट्याचाच व्यवहार.

‘हरलो की पुढचा डाव दुप्पट करायचा, कधीतरी जिंकूच’ ही युक्ती सगळ्यांना सुचते. पहिला डाव एका एककाचा धरला, तर सलग दहा वेळा हरल्यावर १,०२३ एकक गेलेले असतात आणि अकराव्या डावाला १,०२४ लावावे लागतात. ते जिंकलात तरी हातात निव्वळ एक एकक नफा. दहा वेळा सलग हरण्याची शक्यता सुमारे आठशेत एक. एकदाच खेळणाऱ्याला ही नगण्य वाटते. रोज शेकडो डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला ती यायचीच.

‘इतक्या वेळा काळं आलं, आता लाल येणारच’ हा भ्रम तर फार जुना. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला. लोक दर वेळी लालवर अधिकाधिक लावत गेले आणि धुऊन निघाले. चक्राला मागचं काही आठवत नाही. तुम्ही किती हरलात हेही त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे ते तुमचं देणं लागत नाही.

आणि एक. ऑनलाइन खेळांवर ‘९६ टक्के परतावा’ लिहिलेलं असतं. माणसाला वाटतं, हजार नेले तर ९६० घेऊन परत येऊ. तसं नसतं. ते ९६ टक्के प्रत्येक फिरकीला लागू होतात. दहा-दहाच्या फिरक्या, मिनिटाला दहा, म्हणजे तासाला ६,००० फिरवले गेले. त्याचे चार टक्के २४०. खिशात हजारच होते, पण तेच तेच पैसे पुन्हा फिरत राहिले. तोटा होतो तो वेगामुळे.

बोनसचाही असाच हिशोब करा. शंभर फुकट, पण काढण्याआधी तीसपट खेळायची अट. म्हणजे ३,००० फिरवायचे, त्याचे चार टक्के १२०. शंभर मिळवण्यासाठी सरासरी १२० घालवायचे.

स्पष्टवक्ता, मंगळवार, सकाळी ९:०५

वाचून वाईट वाटलं, पण मला मनापासून असं वाटतं की शेवटी प्रश्न इच्छाशक्तीचा आहे. कुणी हात धरून बटण दाबायला लावत नाही. आजार म्हटलं की माणसाची जबाबदारी संपते, असं नाही का होत?

मनमोकळं, मंगळवार, दुपारी १:४०

स्पष्टवक्ता, हा प्रश्न घराघरांत असतो, विचारलात ते बरं झालं.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये या त्रासाची आजार म्हणून नोंद केली. तेव्हा तो आवेग न आवरण्याच्या विकारांत धरला होता. २०१३ मध्ये त्यांनी तो तिथून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवला, कारण मेंदूत घडणारे बदल, तलफ, थांबल्यावरची चिडचिड आणि बेचैनी यांत फार साम्य दिसलं. नऊ लक्षणांपैकी चार किंवा अधिक बारा महिन्यांत दिसली तर निदान होतं. पायवाट यांनी लिहिलेलं ‘गेलेले भरून काढायला परत जाणं’ हे त्या नऊपैकीच एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही हा विकार व्यसनांमध्ये आहे.

अजून एक गोष्ट डॉक्टरांकडूनही कधी सांगायची राहून जाते. कंपवातावर दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची नक्कल करतात, आणि ती घेणाऱ्या काहींना आयुष्यात पहिल्यांदा जुगाराची अनावर ओढ लागते. औषध कमी केलं किंवा बदललं की बहुतेकांची ओढ ओसरते. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला म्हातारा माणूस गोळी सुरू झाल्यावर रात्रभर पैजा लावतो, याला इच्छाशक्ती कमी पडली कसं म्हणणार? (अशी औषधं चालू असतील तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.)

जबाबदारी मात्र संपत नाही. मधुमेह झाला हा माणसाचा दोष नाही, उपचार घेणं हे त्याचं काम आहे. इथेही तसंच.

कळफलक, मंगळवार, रात्री ८:२५

मी दोन वर्षं ऑनलाइन जुगाराच्या एका कंपनीत ॲपचे स्क्रीन बनवायचं काम केलं. नाव सांगत नाही. सोडलं त्याला बराच काळ झाला, पण पायवाट यांच्या हिरव्या बटणाबद्दल वाचून गप्प बसवेना. आमच्याकडेही ते बटण होतं. काढायची विनंती किती टक्के लोक रद्द करतात हा आकडा दर सोमवारी बैठकीत दाखवायचे आणि तो वाढला की सगळे खूश व्हायचे. मीही असायचो त्या खोलीत.

तुम्ही वीस लावता, आठ परत येतात, आणि पडद्यावर नाणी उधळतात, घंटा वाजते. बारा गेलेले असतात, पण डोळ्यांना आणि कानांना जिंकल्यासारखं वाटतं. तीन चिन्हांपैकी दोन जुळतात आणि तिसरं जरासं पुढे सरकून थांबतं. तिथे मेंदू ‘हुकलं’ असं न म्हणता ‘जवळ आलो’ म्हणतो. २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा हुकलेल्या डावांच्या वेळी लोकांचे मेंदू तपासले, तर जिंकल्यावर उजळणारेच काही भाग उजळत होते. आणि बक्षीस कधी येईल ते ठरलेलं नसलं की प्राणी सगळ्यांत चिवटपणे कळ दाबत राहतो, हे तर मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर गेल्या शतकातच दाखवलं होतं.

हे सगळं कायद्याने रोखता येतं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे ऑनलाइन चक्राच्या दोन फिरक्यांमध्ये निदान अडीच सेकंदांचं अंतर लागतं, आपोआप फिरत राहण्याची सोय बंद झाली, हरल्यावर जिंकल्यासारखा जल्लोष दाखवणं बंद झालं, आणि काढायला टाकलेले पैसे परत खेळात ओढायचं ते बटणही गेलं.

माझा सल्ला: सगळ्या सूचना बंद करा, ॲप काढून टाका, आणि नुसतं काढू नका, खातं कायमचं बंद करायची लेखी विनंती करा. फोन आणि संगणक दोन्हींवर जुगाराच्या साइट्स अडवणारं सॉफ्टवेअर टाका. पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्या.

सांजवेळ, बुधवार, रात्री १:१०

चार वेळा लिहून खोडलं.

माझे यजमान. दोन वर्षं झाली असतील, मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांचा फोन माझ्या भावाला आला. विचारल्यावर आधी नाही म्हणाले, मग रडले, मग म्हणाले शेवटचं एकदा सगळं फेडून दे, परत हात लावणार नाही, मुलांची शपथ. माझ्याकडे आईने दिलेलं थोडं सोनं आहे. ते मोडलं तर निम्मं फिटेल. मोडू का? त्यांची अवस्था बघवत नाही. जेवत नाहीत. काल म्हणाले, मी नसतो तर तुम्ही सुटला असता.

थोरली, बुधवार, रात्री १:३२

ताई, जागी आहे. सोनं मोडू नका. निदान आज तरी नाही.

माझ्या धाकट्या भावाचं कर्ज मी दोनदा फेडलं. पहिल्यांदा माझी ठेव मोडून, दुसऱ्यांदा नवऱ्याला न सांगता कर्ज काढून. दोन्ही वेळा त्याने शपथ घेतली आणि दोन्ही वेळा ती घेताना तो खरं बोलत होता, हे मला आजही पटतं. पण डोक्यावरचं ओझं एकदम उतरलं की त्याला मोकळं वाटायचं, आणि त्या मोकळेपणात तो परत खेळायचा. पहिल्यांदा सात आठवडे टिकला, दुसऱ्यांदा अकरा दिवस. मी त्याला वाचवत नव्हते, पुढच्या डावासाठी जागा करून देत होते. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

तिसऱ्यांदा मी म्हटलं, पैसे देणार नाही, पण तू जिथे मदत मागायला जाशील तिथे दारापर्यंत बरोबर येईन. गेले त्याच्याबरोबर. बाहेर बाकावर बसून राहिले.

आणि ते शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत, ते आधी बघा. तेवढं तरी आजच.

मनमोकळं, बुधवार, रात्री १:४८

सांजवेळ, पैशाचं नंतर बोलू. ‘मी नसतो तर’ हे वाक्य हलकं घेऊ नका. या त्रासात आत्महत्येचा धोका खरोखर मोठा असतो, आणि कर्ज उघडकीला आल्यानंतरचे दिवस फार नाजूक असतात. त्यांना सरळ शब्दांत विचारा, “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं किंवा टाळलं गेलं, तर त्यांना एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं, दोऱ्या हाताशी राहू देऊ नका. आत्महत्या प्रतिबंधाच्या मदतवाहिनीला आत्ताच फोन लावा आणि सकाळी मानसोपचार तज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात घेऊन जा. आत्ता धोका वाटत असेल तर सकाळपर्यंतही थांबू नका. मी जागी आहे, इथे लिहीत राहा.

सांजवेळ, बुधवार, रात्री २:२०

विचारलं. येतं म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच बसले आहे. मदतवाहिनीवर बोलणं झालं, यजमानांनी आधी बोलायला नकार दिला आणि मग वीस मिनिटं बोलले. सकाळी भाऊ येतोय, त्याच्याबरोबर रुग्णालयात जाऊ.

जुनी_जखम, बुधवार, सकाळी ६:४०

सांजवेळ ताई, आत्ता वाचलं. तुम्ही रात्रभर बसलात, फार मोठं काम केलंत.

मी नऊ वर्षं जुगारापासून लांब आहे. मला गॅम्बलर्स अनॉनिमसने धरून ठेवलं. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली, जुगार सोडू पाहणाऱ्यांची ही संस्था आता कितीतरी देशांत आहे, ऑनलाइन सभाही भरतात. पैसे लागत नाहीत, आडनाव लागत नाही, थांबायची इच्छा पुरे. पहिल्याच दिवशी माझ्या हातात वीस प्रश्नांचा कागद दिला. सात किंवा अधिक ‘हो’ आले तर विचार करा, म्हणाले. माझे सतरा आले. त्यात एक प्रश्न असा होता: जिंकल्यावर परत जाऊन आणखी जिंकायची तीव्र ओढ लागते का? आणि दुसरा: हरल्यावर शक्य तितक्या लवकर परत जावंसं वाटतं का? मी दोन्हींपुढे खूण केली आणि तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की मला थांबायला लावेल असा निकालच शिल्लक नाही. घरच्यांसाठी गॅम-अॅनॉन नावाची वेगळी सभा असते. ताई, यजमान आले नाहीत तरी तुम्ही जा.

चौथ्या महिन्यात मी घसरलो होतो, तेही सांगतो. एकाच संध्याकाळी. लाजेने सभेला जायचं टाळणार होतो, पण गेलो आणि बोललो. कुणी मान वळवली नाही. घसरणं आणि परत बुडणं यांत फरक पडतो तो त्याच रात्री कुणाला तरी सांगितलं की नाही, याने.

मनमोकळं, गुरुवार, रात्री ९:००

सांजवेळ यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवलंय की काल तपासणी झाली आणि यजमान सध्या सुरक्षित आहेत. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. आता पैशाचं.

सगळी कर्जं एका कागदावर लिहून काढा: कुणाचं, किती, व्याज किती. हे काम खेळणाऱ्याने करायचं, पण शेजारी दुसऱ्याने बसायचं. आकडा पहिल्या दिवशी पूर्ण निघत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आणखी एखादी उधारी निघते. त्याने खचू नका. कर्ज फेडायला नवीन कर्ज काढू नका. कर्ज देणाऱ्यांशी बोलून हप्ते पाडून घ्या. पैसे खेळणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात जावेत. देणी हळूहळू, वर्षानुवर्षं, त्याच्याच पगारातून फिटली तर उपचाराला बळ मिळतं.

उपचारांपैकी सर्वांत जास्त आधार आहे तो विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाला, म्हणजे सीबीटीला. ‘आता येणारच’, ‘माझं नशीब फिरतंय’ असले विचार पकडायला आणि तलफ आली की ती वीस-तीस मिनिटं कशी जाऊ द्यायची, हे त्यात शिकवतात. ओढ फार तीव्र असेल तर काही डॉक्टर नाल्ट्रेक्सोन देतात. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्याचा उपचार एकत्रच व्हायला हवा.

स्वतःवर बंदी घालून घ्यायची सोय काही देशांत एका अर्जात होते. स्वीडनमध्ये २०१९ पासून, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ पासून अशी राष्ट्रीय नोंदवही आहे. एकदा नाव घातलं की परवानाधारक साइट्स तुम्हाला आत घेऊ शकत नाहीत. जिथे अशी नोंदवही नाही तिथे प्रत्येक साइटला वेगळं लिहावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं काम आहे.

अधूनमधून, शुक्रवार, रात्री १०:१५

मी माझं वर्षभराचं स्टेटमेंट काढून बेरीज केली. महिन्यातून दोन-तीनदा, असं मी वर लिहिलं होतं. निघालं आठ ते नऊ वेळा. ठरलेल्या मर्यादेच्या दुप्पट गेलेले महिने पाच. यातलं काही मी मुद्दाम लपवलं नव्हतं, मला खरोखरच आठवत नव्हतं. बायकोला बेरीज दाखवली. तीन महिने पूर्ण बंद ठेवतोय. राहवलं नाही तर मनमोकळं ताईंना लिहीन.

स्पष्टवक्ता, शनिवार, सकाळी ८:५०

माझ्या वडिलांना चार वर्षांपासून कंपवात आहे. काल त्यांच्या गोळ्यांची नावं वाचली. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मनमोकळं, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सांजवेळ, रविवार, रात्री १०:०५

आज दुपारी त्यांनी स्वतः वही घेतली. सात नावं लिहिली. मला पाचच माहीत होती. सहावं माझ्या वडिलांचं होतं. मी काही बोलले नाही, थोरलीताईंचं वाक्य आठवत बसले. सोनं कपाटातच आहे. पगाराचं खातं सोमवारी माझ्या नावावर जोडायचंय. समुपदेशनाची पहिली वेळ बुधवारी मिळाली आहे, भाऊ सोडायला येणार आहे, पण मीही जाईन. बाहेर बसेन.

त्यांना हा धागा वाचून दाखवला. न्हाणीघराचं आलं तेव्हा त्यांनी थांबवलं, म्हणाले तेवढं परत वाच. मग बराच वेळ गप्प होते. आत्ता विचारतायत, या पायवाट यांच्याशी बोलता येईल का?

पायवाट (धागाकर्ता), रविवार, रात्री १०:१२

येईल. व्यनित नंबर पाठवला आहे, आत्ताच लावायला सांगा. अकराला माझा फोन बायकोकडे जातो, पण तिला सांगून ठेवलंय. तुमचा नंबर दिसला की ती मला उठवेल.